पेल्यातलं पाणी

“लेन्सचं वजन किती आहे, काका?” कॅमेऱ्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं.

चिठ्ठी ह्यांच्या शर्टाच्या खिशात होती, पण हे काही खिशाकडे हात नेईनात. माझ्याकडे बघून म्हणाले, “अगं, तूच सांग.”

मग मीच नवऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि भर दुकानात शाळेतल्या मुलीसारखी वाचून दाखवली. लेन्स तीन किलो एकशे नव्वद ग्रॅम. कॅमेरा एक किलो तीनशे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीनदा केलेलं वजन. अक्षर माझं होतं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्या घरातली प्रत्येक चिठ्ठी ह्यांच्या अक्षरात असायची.

ह्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते आमच्या ह्यांच्याकडून शिकावं. डॉक्टरांनी त्या हाताच्या थरथरीला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि ‘कमी होईल, जाणार नाही’ हेही सांगून टाकलं. ही गोष्ट डॉक्टर, हे आणि मी सोडून कोणालाच ठाऊक नव्हती. मुलीलासुद्धा सांगायचं नाही अशी मला ताकीद होती. ‘बाबा हल्ली फोटो का पाठवत नाहीत?’ असं तिने फोनवर विचारलं की मी थापा मारायचे. पोरीला थापा मारायचं वय का हे माझं?

फोटो कुठले पाठवणार? गावाबाहेरच्या जुन्या खाणीत पाणी साठून तळं झालंय. तिथल्या मातीच्या कड्यात दर वर्षी खंड्याची जोडी बीळ कोरून घरटं करते. अकरा वर्षं हे त्यांचे फोटो काढताहेत. निवृत्त झाल्यावर जमवलेल्या पैशांतून ही लांबलचक लेन्स घेतली, ती त्या मूठभर पाखरासाठी. यंदाही जोडी आली. पिल्लांना मासे भरवणं सुरू झालं. हे रोज सकाळी जायचे आणि गप्प गप्प घरी यायचे. गेल्या आठवड्यात हे आंघोळीला गेले तेव्हा मी कॅमेरा उघडून बघितला. सगळं पुसलेलं. एकच फोटो पुसायचा राहिला होता, त्यात निळ्या रंगाचा एक फराटा होता, बस्स.

त्याच दिवशी जेवताना म्हणाले, “लेन्स विकून टाकू. पडून राहिली तर बुरशी धरेल.”

मी म्हटलं, “आधी एखादा दणकट ट्रायपॉड घेऊन बघू.”

बराच वेळ हो-नाही करून ठरलं ते असं: जमलं तर ट्रायपॉड घरी आणायचा, नाही तर लेन्स दुकानातच ठेवून यायची. हे शब्दाचे पक्के. त्यामुळे दुकानाची पायरी मी देवाचं नाव घेतच चढले.

मालकीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. गळ्यात दोरीला चष्मा, बोटांना तेलाचा वास. त्यांनी भिंतीकडचे तीन ट्रायपॉड काढून आमच्यापुढे उभे केले.

ह्यांनी सगळ्यात सडपातळ होता त्याच्याकडे हनुवटीने खूण केली. “हा बरा आहे. डब्यावर आठ किलो पेलतो असं लिहिलंय.”

“डब्यावर काय, काहीही लिहितात,” बाई म्हणाल्या. “तुमचं ओझं साडेचार किलो. त्याच्या तिप्पट पेलणारा घ्या. आणि ह्याचे पाय मोजा, एकेका पायाचे पाच-पाच तुकडे. जितके सांधे जास्त, तितकं डगमगणं जास्त.”

“पण हा हलका आहे.”

“हलका कशाला हवाय?” मी विचारलं.

ह्यांनी एकदा माझ्या खांद्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रायपॉड उचलायचा कोणी, याचा हिशेब साहेबांनी घरूनच करून आणला होता. मला असा राग आला, आणि रागाबरोबर भरूनही आलं. “तीस वर्षं टपालाच्या थैल्या उचलल्यात मी,” मी म्हटलं. “हा दांडा मला जड होईल होय?”

बाई हसल्या, आत गेल्या आणि काचेच्या पेल्यात काठोकाठ पाणी घेऊन आल्या. पेला त्यांनी सडपातळ ट्रायपॉडच्या माथ्यावर ठेवला आणि पायावर टिचकी मारली. पाण्यावर वलयं उठली. बाई मोठ्याने आकडे म्हणायला लागल्या. पाणी शांत व्हायला नऊ आकडे लागले. दुसऱ्याला पाच लागले. तिसरा पहिलवानी होता, मनगटाएवढे पाय आणि प्रत्येकाचे तीनच तुकडे. त्याच्यावर टिचकी मारली आणि दोन म्हणेपर्यंत पाणी आरशासारखं झालं.

“ह्याला मधला दांडाच नाही,” बाई म्हणाल्या. “लोक उंची वाढवायला मधला दांडा वर काढतात. तो वर काढला की तीन पाय असून नसल्यासारखे. आता ह्याचं डोकं बघा.” त्यांनी वर इंग्रजी एल अक्षरासारखा एक वाकडा हात बसवला आणि आमची लेन्स कॅमेऱ्यासकट, तिच्या पोटाखालच्या पट्टीने त्यात अडकवली. पुढे-मागे सरकवून तोल साधला. मग एका बोटाने ढकलली. ते अवजड धूड झोपाळ्यासारखं अलगद वळलं आणि बोट काढलं तिथेच थांबलं. माझा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ काही तिथे राहिला नाही. बाईंनी पेला लेन्सच्या पाठीवर ठेवला, एका हाताने नुसता आधार दिला आणि म्हणाल्या, “काका, आता फोटो काढताना धरता तसा कॅमेरा धरा.”

हात दाखवून अवलक्षण ते हेच. पण बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत? हे माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच हात खिशातून काढला आणि कॅमेऱ्यावर ठेवला.

पाण्यावर बारीक बारीक वलयं उठली. एक विरायच्या आत दुसरं. बाईंनी सवयीने “एक, दोन” म्हटलं, तीन म्हटलं आणि मग त्या थांबल्या. पाणी काही थांबलं नाही. थोडं काठावरून सांडलं.

“किती दिवस झाले, काका?” बाईंनी विचारलं. आवाजात कीव नव्हती, लेन्सचं वजन विचारलं तसंच विचारलं.

“आठ महिने.” परक्या माणसाला हे पहिल्यांदाच बोलले. “ट्रायपॉड उत्तम आहे हो तुमचा. त्याचा काही दोष नाही. तुम्ही लेन्सच ठेवून घ्या.”

आणि हे लेन्सची रिकामी पिशवी टेबलावर ठेवून मोकळेसुद्धा झाले.

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. ‘हलू नका. श्वास रोखा. सोडा.’ ही तीन वाक्यं दिवसातून शंभरदा म्हणायचे. मला टपाल खात्यात नोकरी लागली तेव्हा वैद्यकीय तपासणीला ह्यांच्याकडेच पाठवलं होतं. मला गार पत्र्याला चिकटून उभं केलं, ‘श्वास रोखा’ म्हणाले, बटण दाबलं आणि ‘सोडा’ म्हणायचं विसरले. मी आपली आज्ञाधारक, लालबुंद होईपर्यंत तशीच उभी. शेवटी नर्सबाई ओरडल्या. ‘बघतच राहिलो,’ असं लग्नानंतर कबूल केलं. त्यावरून मी अजून चिडवते.

त्या दुकानात मला तो गार पत्रा आठवला. आणि हे कुठे उभे होते तेही आठवलं.

“काय हो,” मी म्हटलं, “एक्स-रे काढताना तुम्ही माणसाला हात लावून उभे राहायचात का?”

“भलतंच काय? आडोशामागे उभं राहायचं. बटण बाहेर असतं.”

“मग?”

ह्यांनी कपाळाला आठी घातली. बाईंच्या मात्र लगेच लक्षात आलं. त्यांनी पेला बाजूला ठेवून खणातून हातभर लांबीची एक काळी वायर काढली, एका टोकाला अंगठ्याएवढं बटण. दुसरं टोक कॅमेऱ्यात खोचलं, पेला परत लेन्सच्या पाठीवर धरला आणि बटण ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी दाबलं. खट्ट. हात थरथरत होता, वायर लोंबकळत थरथरत होती. पेल्यातलं पाणी जागचं हललं नाही.

ह्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग चेहरा पडला. “पण खंड्या काय एका जागी बसतो? लेन्स त्याच्याकडे वळवायची कोणी? तिथे हात लागणारच.”

“आणि माझे हात काय गहाण पडलेत?” मी म्हटलं.

“तुला जमणार नाही. तुझी घाई नडेल.”

“जन्मभर अनोळखी माणसांना हलू नका म्हणून सांगितलंत. आता बायकोला सांगा.”

ह्यांनी मान खाली घातली. मग बाईंनी ट्रायपॉडच्या पायांच्या कड्या सैल केल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “काका, उंची कोणाच्या डोळ्याची लावू?”

मी श्वास घ्यायची थांबले. लेन्स कुठे राहणार ते ह्या एका उत्तरावर होतं.

“हिच्या,” हे म्हणाले.

“मग तर फारच बरं. काकू बुटक्या आहेत, खालचा बारीक तुकडा उघडायलाच नको. आणखी पक्का उभा राहील.” माझ्या बुटकेपणाचं कौतुक झालेलं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आमचे हे हसले. आठ महिन्यांनी हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाणीवर गेलो. ट्रायपॉड माझ्या खांद्यावर, लेन्स ह्यांच्या पाठीवर. खरं सांगायचं तर ट्रायपॉड जड होता, पण ते मी कशाला बोलतेय? ह्यांनी जागा दाखवली, मी पाय रोवले. पहिले तीन दिवस मी नुसती माती आणि आभाळ पकडलं. हे ओरडले नाहीत. रुग्णांशी बोलायचे त्याच आवाजात सांगत राहिले, “डावीकडे. थोडं वर. घाई नको.” त्यातल्याच एका रात्री मुलीचा फोन आला तेव्हा ह्यांनी माझ्याकडून फोन घेतला आणि तिला हाताचं सांगितलं. ती रडली असावी, कारण हे बराच वेळ तिचीच समजूत घालत होते.

चौथ्या दिवशी खंड्या बिळासमोरच्या वाळक्या फांदीवर येऊन बसला. चोचीत चांदीसारखा मासा. मी बोटाने लेन्स वळवली. कॅमेऱ्याच्या खिडकीत तो पुरा मावला, छातीवरची पिसंसुद्धा दिसली.

“दिसला?”

“दिसला.”

“हलू नकोस,” हे माझ्या कानाशी म्हणाले. “श्वास रोख.”

मी रोखला. शेजारी बटण वाजलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. खंड्या बिळात शिरला, बाहेर आला आणि पाण्यावरून सरळ निघून गेला. मी ‘सोड’ची वाट बघत होते.

तो शब्द काही येईना. मी डोळा काढून वळून बघितलं. हे खंड्या गेला तिकडे बघत उभे होते. बटणाचा हात खिशात नव्हता. छातीशी उघडाच होता, उन्हात थरथरत होता आणि ह्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

मी काही आठवण केली नाही. आणखी थोडा वेळ श्वास तसाच रोखून धरला.