भेटीची वेळ, चार ते सहा

"झिलाक लिवा मास्तरानू, बापाशीचो पाय आता बरो आसा. काळजी करू नको म्हणा..."

परळच्या इस्पितळातला खालचा वॉर्ड. गिरणीत पाय मोडून घेतलेला बुधाजी सांगत होता आणि मिशन शाळेचे दौलत साळवे मास्तर गावाकडच्या त्याच्या मुलाला कार्ड लिहीत होते. तेवढ्यात घंटा घणघणली. पाचच तर वाजले होते! पण सकाळी लालबागला गोळीबार झालेला, साडेपाचपासून कर्फ्यू. भेटायला आलेल्यांना आत्ताच बाहेर काढणार होते.

वर, बायकांच्या वॉर्डात, मास्तरांची बायको सरोजिनी होती. डॉक्टर कालच म्हणाले होते, "आता फार दिवस नाहीत, मास्तर. बसता येईल तितकं बसा त्यांच्यापाशी."

आणि हा शहाणा माणूस तासभर लोकांची कार्डं लिहीत बसला होता!

देवाने दिलेली घटका वाया घालवणं म्हणजे चोरीच, असं मास्तर चर्चमध्ये ठणकावून सांगायचे. त्यांना नुसतं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सहा महिने हाच क्रम: चारच्या ठोक्याला यायचं, खाली अडाण्यांची कार्डं लिहायची, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायची, आणि शेवटची पंधरा मिनिटं बायकोला. परक्याची सेवा आधी. घरचं माणूस काय, आपलंच! मंडळी कौतुक करायची. खरं काय ते मास्तरांना ठाऊक होतं. खाली हातांना काम होतं. सरोजिनीच्या खाटेशी काहीच करता येत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटायची.

बुधाजीचं कार्ड अर्धं टाकून ते जिन्याकडे धावले. माणसं खाली लोटत होती, हे धक्के खात वर चढले. दारात राधाबाई आया हात आडवा धरून उभी.

"कुठं मास्तर? घंटा झाली. रोज तुमीच सांगता ना, वेळ म्हंजे वेळ!"

"राधाबाई, पाया पडतो तुमच्या."

देवाखेरीज कुणापुढे न वाकलेला तो माणूस खरंच वाकला. राधाबाई चटकन मागे सरली. "अगं बया! जावा, जावा. पाच मिंटं हां."

सरोजिनी जागीच होती. अंगात नुसती हाडं उरलेली.

"चार वाजता तुमची पावलं ऐकते मी," ती म्हणाली. "जिन्यापाशी येतात, आणि खालीच थांबतात."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"चुकलो गं, सरू. फार चुकलो." मास्तरांनी हात जोडले, डोळे मिटले.

"आज प्रार्थना नको हो. सकाळपासनं तेच करतेय मी. माझी वेणी घालता? आया फार ओढते."

बावीस वर्षांच्या संसारात त्या केसांना त्यांचा हात कधी लागला नव्हता. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं, बोटांनीच केस विंचरले आणि तीन पेड केले. एक सुटला. पुन्हा धरला, तर दुसरा सुटला.

"पोरींना भूमिती शिकवता, आणि तीन पेड सांभाळता येईनात?" ती हसली. हसण्याची ढास झाली, बराच वेळ थांबेना. मग म्हणाली, "हळू घाला. घाई नाही."

बाहेर पोलिसांची गाडी भोंग्यावर ओरडत गेली. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ते खरंच हळू घालू लागले. तिचं डोकं मांडीवर जड झालं. झोप लागली असेल, त्यांना वाटलं, आणि बरं वाटलं.

राधाबाई रागावतच आत आली. खाटेपाशी येऊन ती थबकली. वाकून तिने सरोजिनीच्या नाकाशी बोटं धरली.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "सोडा आता. बाई गेल्या."

मास्तरांनी मान वर केली नाही.

"एवढी वेणी होऊ द्या," ते म्हणाले, आणि पुढचा पेड घेतला.