मनीच्या घरची खिरापत

हिंगणघाटात कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांच्या मागे एक गल्ली होती. भादव्याच्या पुनवेला तिथे भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत संध्याकाळच्या वेळी एकही पोरगी घरी सापडत नसे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. कोनाड्यात मातीचे भुलोजी-भुलाबाई, पुढे पणती, आणि अंगणात टाळ्यांचा असा काही गजर की समोरच्या कडुनिंबावरच्या चिमण्या उठून दुसऱ्या झाडावर जात. गाणी सरली की यायची खिरापत. ती झाकणबंद डब्यातून यायची. आत काय आहे ते पोरींनी डबा हलवून, कान लावून ओळखायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या. नाही ओळखलं तर घर जिंकलं, आणि त्या घरच्या पोरीनं पुढच्या भुलाबाईपर्यंत मान वर करून हिंडायचं.

मनीच्या घरची खिरापत आजवर कोणाला ओळखता आली नव्हती. तिची आई विमल मोठी कल्पक बाई. एकदा तिनं उकडलेले शिंगाडे ठेवले, एकदा पोह्याचे पापड बारीक चुरून त्यात पिठीसाखर मिसळली. पोरी डबा हलवून हलवून थकत, आणि विमल दारात उभी राहून पदराआड हसत असे.

पण एकोणऐंशीच्या साली विमल घरी नव्हती. धाकटी बहीण बाळंत झाली, तिला माय नाही, म्हणून विमल सव्वा महिन्यासाठी गिरडला गेली होती. पोरांना घेऊनच जाणार होती. पण मनी गिरडच्या एस.टी.त चढायलाच तयार होईना. "भुलाबाई सोडून मी नाई येत," म्हणून तिनं स्टँडवरचा खांब दोन्ही हातांनी धरला. ताई येत नाही म्हटल्यावर चार वर्षांच्या चिंधूनं ताईला धरलं. एस.टी. निघाली तेव्हा मनीच्या बाबांच्या, नत्थूजींच्या, एका हाताला मनी होती, दुसऱ्या हाताला चिंधू, आणि आज रात्री स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता.

नत्थूजी जिनात फिटर. हंगाम अजून लागायचा होता, यंत्रांची दुरुस्ती सुरू होती. दिवसभर ग्रीस आणि नट आवळायचे पाने, संध्याकाळी वरण-भात. पहिल्या आठवड्यात वरण बुडाला लागायचं, दुसऱ्यात भात लागायचा, तिसऱ्यात दोन्ही जरा बरं होऊ लागलं. आणि तेवढ्यात मनीच्या घरची पाळी आली.

"बाबा, आयतवारी आपल्या घरी आहे," मनीनं सांगितलं. चेहरा असा, जणू घरावर जप्ती यायची होती.

"मंग येऊ दे ना पोट्ट्याइले. मुरमुरे आणतो."

मनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सुमित्रीताई म्हणे का तुझ्या घरी यंदा मुरमुरेच राह्यतीन. डबा हलवासुदिक नाई लागणार म्हणे. साऱ्या हसल्या."

सुमित्री म्हणजे शेजारच्या आनंदाबाईंची बारा वर्षांची लेक. पोरींची पुढारी. तिचा कान असा तयार की डबा नुसता पाटावर ठेवला तरी ती सांगे, शेव आहे का चिवडा.

"हॉटेलातून पेढे आणू?"

"इकतचं नाई चालत. वासानं वळखतेत."

"मंग आनंदावहिनीले सांगू का, करून द्या म्हणून?"

मनीनं बापाकडे असं पाहिलं की नत्थूजींना आपली चूक आपोआप कळली. आनंदाबाईंना सांगावं तर सुमित्रीला कळणार. कौशल्याबाईंना सांगावं तर त्यांच्या दोन नाती फेरात. गल्लीत कढई धरणारी एक बाई अशी नव्हती, जिच्या घरची पोरगी आयतवारी मनीच्या अंगणात येणार नव्हती. म्हणजे जिला येतं तिला विचारायची सोय नाही, आणि ज्याला विचारायची अडचण नाही त्या बापाला येत नाही.

"आईनं कधीच हारू नाई देल्लं," मनी हळूच म्हणाली. "आता आई नाई तं मी हारू का?"

 त्या रात्री कामाच्या पिशवीतून पाने काढून ठेवताना नत्थूजींनी ठरवलं, करंज्या करायच्या.

आयतवारी दुपारी चिंधू झोपला. तो झोपणं फार गरजेचं होतं, कारण लाडवाच्या अर्ध्या तुकड्यासाठी चिंधूनं गल्लीतली बरीच गुपितं विकली होती. दार लावून बाप-लेक स्टोव्हपाशी बसले. मनी गुरुजी झाली. तिला सारं माहीत होतं, म्हणजे सारं पाहिलेलं होतं. आई परातीत हात कसा फिरवते, मुरड घालताना जीभ ओठाबाहेर कशी काढते, ते तिनं हुबेहूब करून दाखवलं. पीठ किती आणि मोहन किती, ते मात्र तिच्या उंचीवरून कधी दिसलंच नव्हतं.

"असंच करते आई?"

"असंच करते. पण तिचं असं तुटत नाई."

नत्थूजींच्या करंज्या देखण्या झाल्या. कडेला मोजमापानं घातलेली मुरड, जसे बोल्टवरचे आटेच. पण तेलात गेल्या आणि एकेक करंजी तोंड उघडून आपलं पोटातलं सारं सांगू लागली. खोबरं कढईभर झालं.  मनी गुडघ्यांना मिठी मारून बसली.

"थांब," नत्थूजी म्हणाले. "बिघडलेलं यंत्र कोणी फेकून देते का? खोलाचं, अन् पुन्हा जोडाचं."

त्यांनी फुटक्या पाऱ्या आणि तळलेलं खोबरं झाऱ्यानं निथळून काढलं, खलबत्त्यात कुटलं, गुळाचा पाक करून त्यात ओतला आणि पोळता हात झटकत झटकत गोळे वळले. चव घेतली. बापा, बरी होती! मनीनंही घेतली आणि मान डोलावली. मग गोळे पितळी डब्यात ठेवून तिनं झाकण लावलं, डबा कानाशी नेला, हलवला.

गड् गड् गड्.

"लाडू," मनी रडवेली झाली. "कोणीबी म्हणंन लाडू."

नत्थूजींनी घरभर नजर फिरवली. कोनाड्यात विमलनं दिवाळीच्या वातींसाठी जपून ठेवलेला रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, पुडा होता. पांढरीशुभ्र, लांब धाग्याची रुई, जिनातलीच. त्यांनी ती पिंजून डब्यात खाली अंथरली, वर एकेक गोळा ठेवला, मध्ये रुई, वर रुई. लहान लेकराला झोपवावं तसं सारं बसवलं. झाकण लावलं, डबा हलवला. डबा गप्प.

"यंत्र असं पाह्यजे," ते समाधानानं म्हणाले. "चालते पण आवाज नाई."

मनी इतकी खूश झाली की डब्याभोवती एकटीनंच एक फेर धरला.

दिवेलागणीला पोरी आल्या. परकर, रिबिनी, कोणाच्या कडेवर धाकटं भावंड. नत्थूजी रीतीप्रमाणे आतल्या खोलीत गेले, पण दार अर्धं उघडं ठेवलं. बाहेर सुमित्रीनं सूर लावला:

*भुलाबाई रुसली, धुऱ्यावर बसली,*
*भुलोजी इचारे, काय गं झालं?*
*माह्या माहेराले निरोप द्या,*
*पाखरू आलं का, आभाळ आलं?*

मनीचा आवाज माहेरच्या ओळीला जरा अडखळला. नत्थूजींनी ते ऐकलं.

मग डबा आला. सुमित्रीनं कानाशी नेला, हलवला. पुन्हा हलवला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"गोड का तिखट?"

"गोड."

"रिकामा तं नाई ना वं?"

"उचलून पाह्य, जड आहे का नाई."

"शिरा!"

"नाई."

"सांजोरी? बासुंदी? साखरभात?" चहूबाजूंनी आवाज आले. ज्या खाण्याचा आवाज होत नाही असं जगातलं सारं खाणं पोरींनी मोजलं. मनी प्रत्येकीला "नाई" म्हणत होती आणि प्रत्येक "नाई"सरशी थोडी उंच होत होती.

"खोल मंग," सुमित्री शेवटी म्हणाली.

मनीनं झाकण काढलं. पोरी वाकल्या. 

"अव माय! हा तं कापूस आहे!"

"कापूस खातेत काय वं तुमच्या घरी?"

हशाचा लोट उठला. मनीनं घाईनं रुईत हात घालून एक गोळा बाहेर काढला, आणि तिचा हात तसाच राहिला. गरम गुळाला रुई सगळीकडून चिकटली होती. गोळा कसला, पांढऱ्या केसांचा उंदीर दिसत होता.

आत नत्थूजींनी कपाळावर हात मारून घेतला. उभं आयुष्य ज्यानं जिनातल्या पोरासोरांना बजावलं की ओला हात रुईला लावू नोका, त्यानं स्वतः गरम पाक रुईत ठेवला होता! त्यांना वाटलं, जावं बाहेर, सांगावं की पोरीची चूक नाही, माझी आहे. ते उठलेही. पण मनीचा खालचा ओठ थरथरताना दारातून दिसला, आणि आपण गेलो तर ती आता नक्की रडेल, हे त्यांना कळलं. ते उंबऱ्याशीच थांबले.

मनी रडायच्या आधी चिंधू पुढे झाला. त्याला रुईचं काही नव्हतं. त्यानं एक गोळा उचलून सरळ तोंडात घातला, चावला, थू थू करून धागे बाहेर काढले, आणि दुसऱ्या गोळ्यासाठी हात पुढे केला.

"मस्त आहे," तो म्हणाला. "पण केस आहेत."

पोरी पुन्हा हसल्या, पण हे हसणं वेगळं होतं. सुमित्रीनं एक गोळा घेतला. दोन बोटांनी रुई ओढली. या पोरींची बोटं दर हिवाळ्यात आज्या-मावश्यांबरोबर कापूस वेचायला जात होती. धागा कसा धरायचा, कसा ओढायचा, ते शिकवायला नको होतं. रुई सुटली, आतला तांबूस गोळा दिसला. तिनं तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"बसा वं साऱ्या," ती म्हणाली. "वेचाले लागा."

पोरी गोल करून बसल्या. मांडीवर गोळा, बोटांत रुई. आणि वेचायला बसलं की गाणं येतंच. सुमित्रीनं जागच्या जागी रचलं:

*भुलाबाईच्या वावरात*
*पिकला गुळाचा कापूस गं,*
*साऱ्या गल्लीच्या पोरीइले*
*लागला नाई तपास गं!*

दुसरीनं पुढं ओढलं:

*एक बोंड तोडलं, तोंडात फोडलं,*
*सासूनं इचारलं, बोलता येईना गं!*

खरंच कोणाला बोलता येत नव्हतं. पाक जरा चिवट झाला होता. सगळ्यांची तोंडं चिकटलेली, तरी सगळ्या गात होत्या.

"हारलो वं आमी," सुमित्री घास गिळून म्हणाली. "पण नाव काय याचं?"

मनीनं आतल्या दाराकडे पाहिलं. "बाबा, याचं नाव काय?"

 आतून नत्थूजींचा ओशाळा आवाज आला. "करंजी होनार होती."

गल्लीच्या टोकापर्यंत हसू गेलं. एक पोरगी हसता हसता मागे आडवीच झाली. त्या हसण्यात आता मनीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

गलका ऐकून आनंदाबाई कुंपणाशी आल्या. त्यांनी अर्धा गोळा चाखला. "भाऊजी, पाक किती तारी घेतला जी?"

"मले काई इचारू नोका, वहिनी. मालकीण ती आहे."

मनीनं हाताची घडी घातली. "नाई सांगत," ती म्हणाली. आणि तिला सांगता येणारही नव्हतं.

पोरी गेल्या. अंगणभर रुईचे पुंजके पडले होते, वाऱ्यानं इकडून तिकडे पळत होते. चिंधू पायरीवर पेंगत होता. मनी बापाजवळ येऊन बसली. बराच वेळ ती मजेत एकेकीची नक्कल करत होती, सुमित्रीचा चेहरा कसा झाला, कोण काय म्हणालं. मग एकाएकी थांबली.

"बाबा, आईनं वळखलं असतं?"

"तुही माय? तिनं डबा हातातबी नसता घेतला. दारातूनच सांगतलं असतं का तुह्या बापानं करंज्या बिघडवल्या."

"मंग बरं झालं ती गिरडले आहे," मनी म्हणाली.

आणि हे म्हणताच, खांब धरला त्या दिवसापासून आईसाठी एकदाही न रडलेली मनी बापाच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडायला लागली. ग्रीसचा वास येणारा सदरा.  नत्थूजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो हात दुपारी पाकानं पोळला होता, तरी फिरवत राहिले.

"कोजागिरीच्या आंधी येऊन राह्यली ती," ते म्हणाले. "आली का एक काम करू. तिले अंगणात पोरीइमधी बसवू. अन् डबा आपण दोघं भरू."

सदऱ्यातून ओला आवाज आला. "अन् तिनं वळखलं तं?"

"वळखू दे की. आपण पुन्हा भरू."

मनीनं नाक पुसलं. थोडा विचार केला. "कायचं करू?"

नत्थूजींनी आभाळाकडे पाहिलं.  मनी त्यांच्या मांडीला टेकून, त्यांच्या आधीच, पुढच्या डब्याचा विचार करायला लागली होती.