मागच्या आठवड्यात सांगितलं

मैत्री मॅडमच्या इंग्रजीच्या क्लासला एकच नियम होता: वाक्य चुकलं तर चालेल, खोटं चालणार नाही. पाठ केलेली उत्तरं समोरचा लगेच ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत जो तो स्वतःबद्दल खरं तेच बोलायचा आणि शेजारच्याने त्यावर पुढचा प्रश्न विचारायचाच.

टेबलाखाली मेहजबीनचा पाय सारखा हलत होता. उद्या सकाळी आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलसाठी तिचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता. फिजिओथेरपीत तिचा हात पक्का, इंग्रजीतला भूतकाळ कच्चा. 'आय डिड' की 'आय हॅव डन', इथे गाडी दर वेळी अडायची.

"काम झालंय एवढंच सांगायचं, तर हॅव," मॅडम म्हणाल्या. "कधी झालं तेही सांगितलंत, काल, परवा, गेल्या वर्षी, की हॅव काढून टाका. तेजस, विचारा."

आयटीतल्या तेजसने खुर्ची वळवली. "हॅव यू टोल्ड युअर मदर अबाउट आयर्लंड?"

"येस. आय हॅव टोल्ड हर लास्ट वीक."

"लास्ट वीक म्हणालात ना?" मॅडमनी अडवलं. "मग हॅव कशाला, शोभेला?"

"आय टोल्ड हर लास्ट वीक."

"करेक्ट."

वाक्य बिनचूक होतं आणि साफ खोटं. घरी मेहजबीनने अवाक्षर काढलं नव्हतं. इंटरव्ह्यूसुद्धा ती जिथे नोकरी करायची त्या क्लिनिकच्या मागच्या खोलीत बसून गुपचूप देणार होती.

"अँड व्हॉट डिड शी से?" तेजसने नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न टाकला.

अम्मी काय म्हणाली? मेहजबीनने बॅग उचलली.

"मॅडम, आज डोकं चालत नाहीये."

"उद्या चाललं म्हणजे झालं."

स्वारगेटच्या सिग्नलला स्कूटर उभी असतानाही तिची बोटं ब्रेकवर वाजत होती. प्रयत्न केला नव्हता असं नाही. शुक्रवारी तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात अम्मीने पडद्याचं कापड पुढे केलं. "हा रंग पेशंटना आवडेल का गं?"

अख्तरबानू वर्षानुवर्षं घोरपडे पेठेतल्या घराच्या बाहेरच्या खोलीत बसून ब्लाउज शिवत आल्या होत्या. आता तिथे लेकीचं स्वतःचं क्लिनिक निघणार म्हणून त्यांनी मशीन स्वयंपाकघरात, ओट्याला खेटून नेलं होतं. मेहजबीन आत आली तेव्हा त्या तिथेच बाही जोडत होत्या.

"कचरूभाऊ पेशंटचा पलंग उद्या आणून टाकतायत. खिडकीशी ठेवायचा की भिंतीशी?"

"नको, अम्मी."

"खिडकीशी नको? ऊन येतं म्हणून?"

"पलंगच नको. मी आयर्लंडला जायचं ठरवलंय. उद्या त्यांचा इंटरव्ह्यू आहे."

मशीनचं चाक थांबलं.

"कधी ठरवलंस?"

मेहजबीनने दाराची चौकट धरली. "रमजानच्या आधी."

"आणि हे मशीन मी ईदनंतर आत आणलं. एका बाजूने तू उचललंस."

"हो."

अख्तरबानूंनी पुन्हा पायडल मारलं. टीप सरळ गेली नाही. त्यांनी ती उसवायला घेतली. मेहजबीन या पायावरून त्या पायावर भार टाकत राहिली.

"नोकरी मिळाली का?"

"अजून नाही."

"मग पलंग येऊ दे. तू राहिलीस तर पेशंट झोपतील, गेलीस तर मी. माझेही गुडघे दुखतात, तुला कधी विचारायला सुचलं नाही."

"अम्मी, रागावलीस?"

"किती वाजता आहे तुझं ते?"

"साडेदहाला. क्लिनिकमधून देणार होते."

"घरात खोली रिकामी करून ठेवलीये आणि लोकांच्या दारात बसणार? इथे बस. तेवढा वेळ मशीन बंद ठेवीन." त्यांनी सुईखाली कापड सरकवलं. "आत्ता मात्र माझ्यासमोरून जा."

मेहजबीन बाहेरच्या खोलीत आली. तिने खुर्ची खिडकीशी ओढली, मग भिंतीशी नेली, मग पुन्हा खिडकीशी. आत मशीन थांबत नव्हतं.