खिडकीखाली हळू होणारी गाडी

सहा महिने मी त्या गाडीला शिकवलं. टॅक्सी कंपनीचे साहेब म्हणाले होते, "तुम्ही फक्त नेहमीसारखी चालवा, ती बघून शिकेल." टपावर कॅमेरे आणि स्टिअरिंगवर मी, सव्वीस वर्षांचा मुरलेला टॅक्सीवाला. मीही येडा, छाती फुगवून चालवली.

आमच्या घराखाली गटाराचं एक सैल झाकण आहे. तिथे मी गाडी हळू करायचो. झाकण दोनदा वाजायचं, वर तिसऱ्या मजल्यावर बायकोचं शिवणयंत्र थांबायचं आणि ती खिडकीतून हात हलवायची. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

सातव्या महिन्यात गाड्या आपल्या आपण धावू लागल्या आणि मला नारळ मिळाला. आता मी घरी बसून असतो. दर दहा मिनिटांनी एक रिकामी टॅक्सी येते, झाकणापाशी हळू होते. माझी सवय उचललीन सटवीने! आणि बायको? ती प्रत्येकीला हात हलवते.

"अगं, आत कुणी नाहीये!"

"माहितीये हो. झाकण वाजलं की हात आपोआप जातो."

"मला दिवसातून दोनदा हात करायचीस. हिला चाळीसदा?"

"यंत्राचा कसला मत्सर करता?" ती हसली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी घेतली ती घेतली, आता हिचा हातही?

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन लावला. "तुमच्या गाड्या आमच्या घराखाली विनाकारण हळू होतात." फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "चूक कळवल्याबद्दल आभारी आहोत."

तीन दिवसांत चूक दुरुस्त झाली. गाड्या सुसाट जाऊ लागल्या. झाकण एकदाच वाजायचं, बायको मान वर करेपर्यंत रस्ता मोकळा. संध्याकाळपर्यंत तिने मान वर करणंही सोडलं.

"आता हळू होत नाही ती," ती म्हणाली.

"मी आहे ना इथे."

"तुम्ही आहातच हो. पण ते झाकण दोनदा वाजलं की वाटायचं, तुम्ही कामावर आहात."

मी चपला घातल्या आणि खाली उतरलो. घराखालून हळूहळू चालत गेलो, झाकणावर उभा राहिलो, एक पाय जोरात आपटला. एका माणसाच्या वजनाने ते वाजत नाही. वर शिवणयंत्र चालूच होतं.