खारं पाणी लागलेली बग्गी

कल्पिताने निळी बग्गी उलटी करून मांडीवर घेतली आणि मागचं चाक बोटाने फिरवलं. चाक बराच वेळ निवांत फिरत राहिलं. किहीमला रितेशच्या ओटीवर दोन बग्ग्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, एक निळी, एक पिवळी, दोन्ही हातभर लांबीच्या, रिमोटवर चालणाऱ्या. रितेशने शर्यतीसाठी नवी गाडी घेतली होती, त्यामुळे या जुन्या दोहोंपैकी कुठलीही एक कल्पिताला विकायला तो तयार होता.

निळीच्या फक्त मागच्या चाकांना जोर होता आणि मोटर गरीब स्वभावाची. पिवळीच्या चारही चाकांना जोर, आणि मोटर अशी की बोट जरा जड पडलं तर गाडी चारी मुंड्या चीत. पेणबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जागेत रितेशसारख्या शौकीन मंडळींनी मातीचे उंचवटे आणि वळणं करून शर्यतीचा ट्रॅक तयार केला होता. निळी घेतली तर नवख्यांच्या गटात उतरता येणार होतं. पिवळीला त्या गटात जागा नव्हती, ती घेतली की थेट मोठ्यांत. वाहतूक कंपनीच्या ऑफिसात दिवसभर ट्रकवाल्यांशी हुज्जत घालणारी कल्पिता तिथे कुणाच्या बापाला भ्यायची नाही. पण पहिल्याच शर्यतीत चारचौघांत आपलं हसं होऊ नये, एवढं तिला फार वाटत होतं. पंधरा दिवस घरात जेवताना दुसरा विषय नव्हता, आणि निळीच घ्यायची हे तिचं ठरून गेलं होतं.

तिचा बाप, धर्मा, ओटीच्या पायरीवर बसून दोघांचं बोलणं ऐकत होता. त्याचा जन्म मिठागरात गेला होता आणि शौक सगळा बैलगाड्यांच्या शर्यतींचा. गुडघ्यांनी दगा दिला तशी त्याने जोडी विकून टाकली, आणि त्यानंतर कुठल्याही शर्यतीकडे तो फिरकला नव्हता. आज बरोबर येतो असं त्याने स्वतःहून म्हटलं तेव्हा त्याच्या बायकोला, सोनूबाईलाही नवल वाटलं. निघताना तो पिकअपमधून उतरून पुन्हा घरात गेला, त्यातही थोडा खोळंबा झाला.

रितेशचं घर समुद्राला लागून, मधे फक्त सुरूचं बन. म्हणून त्याचा एकच नियम होता: गाडी पुळणीवर, समुद्राच्या वाळूत न्यायची नाही. ज्याच्या हातून खारं पाणी लागेल, गाडी त्याच्या गळ्यात. हा नियमही कल्पिताने घरी हसत हसत सांगितला होता.

सुटे भाग दाखवायला रितेश तिला आत घेऊन गेला. निळीचे भाग स्वस्त, मोडले तरी लगेच मिळणारे, पहिल्या गाडीला हीच बरी, असं त्याचंही मत पडलं. दोघं बाहेर आली तेव्हा पायरीवर धर्मा नव्हता आणि ओटीवर पिवळी नव्हती.

दोघं बनातून पुळणीवर धावली. ओहोटी लागली होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून धर्मा ओल्या वाळूत उभा होता, पिवळी त्याच्या पायाशी. त्यांच्या डोळ्यांदेखत एक लाट आली, बग्गीच्या पोटाखालून गेली आणि चाकांत वाळू सोडून परतली.

"काका," रितेश म्हणाला, "समुद्रावर न्यायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"चालते कशी बघायची व्हती. इसारलो."

त्याने इतका भोळा चेहरा केला होता की कल्पिताला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्याची दया आली. म्हातारा आता विसरायला लागला, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. परक्यासमोर त्याला खाली बघायला लागू नये म्हणून ती पुढे झाली.

"असू दे, रितेश. मला हीच घ्यायची होती."

रितेशने तिच्याकडे नीट पाहिलं. मग घरातून रिमोट आणून तिच्या हातात दिला. आता भिजलीच आहे तर चालवून घे, असं म्हणाला. पहिल्या झटक्याला पिवळी गर्रकन फिरून उलटली. दुसऱ्या वेळी मात्र ती सुसाट सुटली आणि पार होड्यांपर्यंत जाऊन थांबली. धर्मा हात मागे बांधून बघत होता. बैलांना हाकताना हलायचे तसे त्याचे ओठ हलत होते.

परतीच्या वाटेवर कल्पिता पिकअप चालवत होती आणि पंचावर ठेवलेली पिवळी धर्माच्या मांडीवर होती. वडखळच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मिठागरं लागली. शाळेत असताना मिळालेली तिची सायकल या माणसाने मिठागराच्या बांधावर कधी नेऊ दिली नव्हती. खारं लोखंडाला खातं, म्हणायचा. स्वतःची सायकलसुद्धा तो लांब रस्त्यावरच ठेवून चालत यायचा. बायकोचं नाव एखादे वेळी विसरेल, पण हे?

तिने वेग कमी केला.

"बाबा, चालवून बघायची होती, तर रिमोट का नाही नेलास?"

धर्मा खिडकीबाहेर बघत राहिला. तिकडेच बघत त्याने विचारलं,

"त्या नवख्यांचा गट कवा सुटतो?"

"सकाळी लवकर."

"आन् मोठ्यांचा?"

"दुपारनंतर."

"आमच्यात पन बारक्या जोड्या सकालीच सुटायच्या. बघाया कुत्रं नसायचं."

"मी शेवटची येईन, बाबा. सगळ्यांसमोर."

"ये. मी पन पयल्या साली शेवटचाच आल्तो."

लहानपणी शर्यतीच्या गाडीवर बसायचा हट्ट धरला की हाच माणूस म्हणायचा, पोरींचं काम न्हाय. आणि आज एका शब्दाने न विचारता त्याने तिला थेट मोठ्यांत ढकललं होतं. निवड तिची होती, ती त्याने हिसकावून घेतली होती. ती मनापासून चिडली. डोळ्यांत पाणी आलं म्हणून आणखीच चिडली.

धर्माने पिवळीचं चाक बोटाने फिरवलं. आत वाळू करकरली. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली एक छोटी बाटली काढली आणि चाकाच्या मधोमध तेलाचा एक थेंब सोडला.

"घरी जाईपत्तर खारं थांबत न्हाय," तो म्हणाला.

कल्पिताने बाटलीकडे पाहिलं. ती आईच्या शिलाई मशीनच्या खणात असायची. सकाळी पिकअपमधून उतरून तो पुन्हा घरात कशाला गेला होता, ते तिला आता कळलं. तिने गिअर बदलला.