माझे सदतीस अंश

इंडोनेशियात, आमच्या बांडुंगच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाला स्वतःचा कोन असतो. संगणकात खोटा लेझर तिरका सोडायचा आणि खोट्या पत्र्यावर आदळवायचा, हे आमचं काम. कुठलं चित्र कुणाचं हे कळावं म्हणून हेंदार सर पहिल्याच दिवशी कोन वाटून टाकतात. मला सदतीस अंश मिळाले, विदाला बावन्न. तेव्हापासून देदेन हे माझं नाव फक्त आईच्या तोंडी उरलं. बाकी सगळ्यांना मी सदतीस.

विदा माझ्याहून मोठी. मी तिला तेतेह म्हणायचो, सख्ख्या ताईला म्हणतात तसं. मी आजारी पडलो की भात घेऊन यायची.

या शुक्रवारी ज्याचं चित्र सगळ्यांत चांगलं, त्याचं नाव सर पुढच्या शिक्षणासाठी जपानला पाठवणार होते. जागा एकच.

किरण तिरका करणं म्हणजे बॅटरी वाकडी धरणं नव्हे. पडद्यावरच्या चौकटीच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा उजळवावा लागतो. तो उशीर एका ओळीत लिहितात. त्या ओळीत माझे सात महिने गेले. शेवटी जमलं, पण अधिक-उण्याचं चिन्ह उलटं पडलं आणि वर जायचा किरण खाली निघाला. चालतंय त्याला हात लावू नये, म्हणून मी पत्राच उचलून खालच्या कोपऱ्यात ठेवला. किरण बरोबर बसला.

बुधवारी तेतेहनं मला बातागोर खाऊ घातलं. दोन प्लेट, वर शेंगदाण्याची चटणी जास्तीची. तिचा बावन्न काही केल्या बसत नव्हता.

"देदेन," ती म्हणाली. नावानं हाक मारली तिथंच मी विरघळलो. "तुझी ती ओळ दाखव ना. नुसती बघते रे."

मी अख्खी फाइल दिली.

शुक्रवारी चित्र दाखवायला पहिला नंबर तिचा होता. पडद्यावर सदतीस अंशांचा किरण खाली उतरत होता, आणि कोपऱ्यात माझा पत्रा बसला होता, लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखा.

सरांनी विचारलं, पत्रा खाली का? तिथं तो जास्त स्थिर राहतो, असं तिनं सांगितलं. सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

मी उठलो. म्हटलं, पत्रा खाली आहे कारण चिन्ह चुकलंय, आणि ते मी चुकवलंय. असा पत्रा माझ्याशिवाय जगात कुणी ठेवणार नाही.

तेतेह म्हणाली, यानंच तर दिलं. माझ्याकडे न बघता.

"कोन दिलास तू हिला?" सरांनी मला विचारलं.

"फाइल दिली, सर."

"फाइलीत कोन होता?"

"होता."

"मग दिलास की." सर बराच वेळ टक्कल खाजवत राहिले. "म्हणजे चूक तुझी आणि चित्र हिचं. एका कोनाचे दोघं मला चालणार नाहीत. सदतीस आता हिचे, तू शून्य घे."

जपानला सदतीसचं नाव गेलं.

निघताना तेतेह माझ्या टेबलापाशी थांबली. "वाईट वाटून घेऊ नकोस, शून्य," ती म्हणाली. "तुला आता ती ओळ लिहावीच लागणार नाही."

ते मात्र खरं निघालं. मी ती ओळ पुसली, पत्रा मधोमध आणला आणि किरण सोडला. तो सरळ गेला, पत्र्यावर आपटला आणि जिथून निघाला होता तिथंच परत आला.