सगळी गल्ली पाठीशी

फौजदारबाईंचा राग साऱ्या ठाण्याला ठाऊक होता. सांगणारे सांगतात, बाई तापल्या की टेबलावरचा गार चहा पुन्हा वाफाळायचा आणि कोठडीतला चोर न विचारताच मागच्या दोन चोऱ्या कबूल करून मोकळा व्हायचा. त्यातलं निम्मं आपण सोडून देऊ. उरलेल्या निम्म्यात मावेल तेवढा राग गिळून बाई त्या गल्लीत जिन्याखाली इस्त्रीचा ठेला लावून बसल्या होत्या.

कारण त्याच जिन्याने वर गेलं की भाऊचं घर होतं. भाऊ म्हणजे औषधांचा व्यापारी. पांढरा शर्ट, मऊ आवाज. गल्लीत कुणाचं पोर तापलं की औषध घेऊन स्वतः दारात हजर. आणि हाच भाऊ बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायच्या इंजेक्शनच्या कुप्यांत नुसतं पाणी भरून विकत होता. दोन बायका बाळंतपणाच्या टेबलावरच गेल्या. त्यातल्या एकीची आई ठाण्यात आली, तिनं बाईंच्या पुढ्यात रिकामी कुपी ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. शिव्या घालून गेली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

पण भाऊला नुसतं उचलून भागणार नव्हतं. मालासकट हाती लागला तर लागला, नाहीतर वकील त्याला जेवायच्या वेळेला घरी पोचवणार. माल काढून घ्यायचं काम मामांकडे होतं. मामा म्हणजे बाईंचे जुने हवालदार; अख्खं ठाणं त्यांना मामाच म्हणायचं. मामांनी केस काळेभोर केले, गळ्यात जाड साखळी घातली, दात रंगवून लाल केले आणि कुठल्याशा इस्पितळाचा लबाड कंपाउंडर होऊन महिनोन्‌महिने भाऊशी घसट वाढवली. सोंग असं वठलं, की घरी मामींनीही एकदा दार उघडून 'ते घरी नाहीत' म्हणून परत लावलं होतं.

ठरलं होतं ते इतकंच. मामा वर जाणार, भाऊ पेट्या पुढ्यात आणणार, मामा गॅलरीच्या कठड्यावर रुमाल टाकणार. मग बाईंनी जिना चढायचा आणि गल्लीच्या तोंडाशी साध्या गाडीत बसलेल्या शिपायांनी मागून यायचं. रुमाल पडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

आता घोटाळा कुठे झाला ते ऐका. बाईंना इस्त्री येत नव्हती असं नाही. येत होती, हीच तर गोची. उभी नोकरी वर्दीला इस्त्री करण्यात गेलेली. त्या हातानं त्यांनी गल्लीचे कपडे केले, आणि गल्लीतल्या पायजम्यांना अशी धार आली की एका घरी त्यावर पाव कापल्याचं बोलतात. काकूंच्या गाऊनच्या बाहीला कडक घडी, तान्ह्या बाळाच्या झबल्याच्या पाठीवर तीन उभ्या रेघा. बाळ पाळण्यात सावधान पडून राहायचं.

इमारतीच्या सेक्रेटरीनं स्वतःचा शर्ट उजेडात धरला आणि ओळखलं. त्याचे सासरे पोलिसात होते. "हा हात खात्यातला," तो बायकोला म्हणाला. बायको शेजारच्या वहिनींना म्हणाली, वहिनी भाजीवालीला. दोनच माणसांना पत्ता नव्हता: बाईंना, आणि भाऊला. भाऊला का नाही, तर तो फारसा कुणाच्या गप्पांत बसत नसे.

ऐन ठरलेल्या दिवशी, मामा वर गेले न गेले तोच, सेक्रेटरी एक शर्ट घेऊन ठेल्याशी आला.

"मॅडम," तो कुजबुजला, "काळजी करू नका. सगळी गल्ली तुमच्या पाठीशी आहे."

बाईंनी इस्त्री खाली ठेवली नाही. "कोण मॅडम? काय बोलता दादा?"

"आता आमच्याशी कशाला? झबल्यावरनं कळलं." त्यानं डोळा मिचकावला. "तो साखळीवाला आत्ता वर गेला, तोच चोर ना? बघताक्षणी कळतं. चेहराच सांगतो."

बाईंची कानशिलं तापली. आवाज मात्र त्यांनी लोण्यासारखा ठेवला. "दादा, नीट ऐका. घरी जा. दार लावा, खिडकी लावा. कुणाला काही बोलू नका. काहीही करू नका."

"समजलं," सेक्रेटरी म्हणाला. "अगदी समजलं."

आणि तो दारोदार जाऊन सांगत सुटला, की कुणी काहीही करायचं नाही. कुणी काही करत नाही ना, हे बघायला मग सगळी गल्ली बाहेर आली. कुणी खुर्ची आणली, कुणी पोराला खांद्यावर घेतलं, कुणी फोन वर धरला. स्कूटरी आडव्या लागल्या. आणि ती सगळी मुंडकी वळली कुठे, तर भाऊच्या गॅलरीकडे.

वर पेट्या बाहेर आल्या होत्या. मामांनी बोलता बोलता कुठल्या कुठल्या प्रसूतिगृहात आज माल जाणार तेही काढून घेतलं होतं, खिशातल्या रुमालाला हात घातला होता. तेवढ्यात भाऊ सहज गॅलरीत आला. खाली बघितलं. शंभर डोळे त्याच्याकडे. इस्त्रीवाली मात्र एकटीच मान खाली घालून बसलेली.

भाऊ हुशार माणूस. तो पळाला नाही. आत आला, मामांच्या खांद्यावर प्रेमानं हात टाकला, म्हणाला, "चला, खाली चहा घेऊ." जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यानं मामांना गर्दीत ढकललं आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, "हाच तो. माझ्या घरात घुसला होता."

पुढचं सांगताना माझ्याही तोंडची थट्टा जाते. गल्ली मामांवर तुटून पडली. ज्यांनी जन्मात डास मारला नसेल त्यांनी चपला काढल्या. मामांनी "पोलीस" म्हणायला तोंड उघडलं, तर त्या तोंडावरच बसली.

"सोडा त्याला, तो आमचा माणूस आहे," बाई ओरडत घुसल्या. पण काकूंनी त्यांना कंबरेला मिठी मारून मागे ओढलं. "मॅडम, तुम्ही नका जाऊ हो, लागेल तुम्हाला. पोरं बघताहेत ना." बाईंनी निखाऱ्यानं फुललेली इस्त्री पुढे धरली तेव्हा कुठे वाट झाली. गल्लीच्या तोंडाशी शिपाई स्कूटरी उचलून बाजूला फेकत होते.

आणि भाऊ? भाऊ परत वर जाऊन पेट्या घेऊन आला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला रिक्षा त्याला सेक्रेटरीनंच बोलावून दिली. एक पेटी स्वतः उचलून आत ठेवली. "सावकाश हं भाऊ, काचेचं दिसतंय."

इस्पितळात मामा उताणे पडले होते. उजवा हात मोडलेला, एक डोळा बंद, रंगवलेले दोन दात गेलेले. मामी आल्या त्या हातात फोन घेऊन. "हा व्हिडिओ माझ्या सख्ख्या बहिणीनं पाठवला," त्या म्हणाल्या. "खाली लिहिलंय, चोराला धडा शिकवला, पुढे पाठवा. मी हसत हसत बघत होते हो. मग पाय दिसले. ते ओळखले." त्यांनी फोन पालथा ठेवला. मामांचा चेहरा आता घरोघर पोचला होता. यापुढे कुठलंही सोंग त्यांना चालणार नव्हतं.

बाईंनी सेक्रेटरीला गाडीत घालून सोबत आणलं होतं. तो भिंतीला चिकटून उभा होता. "आमचा हेतू चांगला होता, मॅडम."

"भाऊ?" मामांनी फुटक्या ओठांतून विचारलं.

"मला नका विचारू," बाई म्हणाल्या. "हे सांगतील."

सेक्रेटरीनं मामांकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. "गेला," तो म्हणाला. "रिक्षानं."

मामांनी भाऊकडून काढून घेतलेली प्रसूतिगृहांची नावं सांगायला सुरुवात केली, एकेक, थांबत थांबत. शिपाई ऐकून धावले, फोनवर फोन सुरू झाले. बाईंनी एक फोन सेक्रेटरीच्या हातात कोंबला.

"आता कुठे लागते मदत. लावा. आधी कोण बोलतंय ते सांगा."

"हॅलो, मी सेक्रेटरी बोलतोय. तुमच्याकडे एक इंजेक्शन येईल, ते—"

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. "पेटी कुणी उचलली?"

"मॅडम, अहो, बाहेरच्यांना ते कशाला?"

"इंजेक्शन टोचणारी नर्स विचारेल, तुम्हाला कसं माहीत. तिला पटलं पाहिजे."

"ती पेटी मी रिक्षात ठेवली," तो फोनमध्ये म्हणाला. "माझ्या हातानं ठेवली. ते औषध नाही, पाणी आहे. वापरू नका."

दुसऱ्या ठिकाणीही हेच म्हणाला. तिसऱ्या ठिकाणी रिंग वाजत राहिली. त्यानं फोन कानावरून खाली घेतला. "कुणी उचलत नाही. कामात असतील."

"काय काम असतं हो तिथे?" बाईंनी विचारलं.

सेक्रेटरीनं पुन्हा तोच नंबर लावला.